अंगठ्याएवढा पडदा

इरण्णाच्या काउंटरवर तीन मांडलेले.
एक पोळपाटासारखा, रंगीत,
त्यात नकाशा, हवामान, छातीचे ठोकेसुद्धा.
म्हटलं, ठोके माझे मला ऐकू येतात बा,
चढावर तर शेजारून जाणाऱ्यालाही.
दुसरा मधला. मधल्याबद्दल बोलण्यासारखं काही नसतं.
तिसरा हा, काळा-पांढरा,
काडेपेटीहून बारका,
बटणं डाव्या अंगठ्याखाली.

डावीकडचंच का, असं त्यानं विचारलं नाही.
उद्यमबागेत त्याचा बापही प्रेसवरच होता.

बॅटरी छत्तीसची का अठ्ठेचाळीसची,
कंट्रोलर कुठला, वायरीला पिना किती,
त्यानं विचारलेलं सगळं मी चिठ्ठीवर लिहून नेलं होतं.
तरी खिशातून व्हर्निअर काढला,
हँडलची नळी बावीस पॉइंट दोन,
क्लँपचं भोक बावीस पॉइंट चार.
"इरली बिडरी मामा," तो हसला,
"रबराची पट्टी देतो, फुकट."

येळ्ळूरला आलो, सायकल ओट्याला टेकवली.
वायर जोडताना बाणासमोर बाण आणायचा
आणि सरळ दाबायचं, पिळायचं नाही.
पिळलं की पिन वाकते.
हे कागदावर सहा भाषांत होतं,
आमच्या दोन्ही सोडून.
चित्र मात्र कुणाच्याच बाजूचं नव्हतं,
त्यावरून जमलं.

दोन्ही बटणं एकदम धरून ठेवली
की पडद्यावर 'पी' उगवतो, पुढं आकडा.
पी-एक उजेड.
पी-दोन मैल का किलोमीटर.
पी-सहाला मी थांबलो.
चाकाचा घेर.
यादीत सव्वीस इंच होतं, पण कुणाचं सव्वीस?
माझा टायर झिजलेला, वर माझं वजन.
खडूनं टायरवर रेघ मारली, फरशीवर रेघ मारली,
वर बसलो, पाय टेकत टेकत
एक फेरा पुढं गेलो, परत रेघ.
मोनाप्पा कुंपणावरून, "काय करूलालास बे?"
मोजूलालो, म्हटलं.
दोन हजार एकोणऐंशी मिलिमीटर.
दुसऱ्यांदा ऐंशी.
तिसऱ्यांदा मोजलं नाही, ऐंशी घातले.
टर्नरला एका मिलिमीटरची लाज वाटते,
पण चहा गार होत होता.

रविवारी धारवाडहून पोर आली.
वेगाला पंचवीसची हद्द तिनंच घातली,
वर चार आकडी कुलूप.
नर्मदा म्हणाली, आता हे उघडत बसणार रात्रभर.
बसलो नाही.
ती घराबाहेर पडल्यावर एकच आकडा टाकला,
माझा टोकन नंबर.
उघडलं.
नऊ वर्षांची होती, डबा घेऊन गेटवर यायची,
वॉचमन नाव विचारायचा नाही, नंबर विचारायचा.
हद्द तशीच ठेवून कुलूप परत लावलं.

सोमवारी उद्यमबाग.
मदतीचा आकडा दोनवर, वाऱ्याविरुद्ध तीनवर,
एकदा मध्येच 'एरर एकवीस',
चाकावरचं चुंबक सरकलेलं, बोटानं सारखं केलं.
जुन्या गेटवर दुसऱ्या कंपनीची पाटी आहे आता.
किती लांब, असं कुणी विचारलं की
एकतीस वर्षं मी "पाऊण तास" म्हणायचो.
सहा पॉइंट चार निघालं.
एवढंसंच.
हिशेब करायला गेलो, येणं-जाणं, सुट्ट्या वजा,
मग सोडून दिलं.
पाच मिनिटं हललं नाही की पडदा आपोआप विझतो,
तसा तो विझला, आणि मीही पाय मारला.

एक राहिलंच.
नवा म्हणून आणला, पण पहिल्या दिवशीच
एकूण अंतर तीन किलोमीटर दाखवत होता.
इरण्णाला फोन केला.
"टेस्टिंगचे असतील मामा."
कुठल्या गावचे, कुणाच्या मांडीखालचे, त्यालाही ठाऊक नाही.
ते पुसायची सोय कागदावर कुठंच नाही.
आता दोनशे सत्तर झालेत,
आणि कुणी विचारलं तर मी दोनशे सदुसष्ट सांगतो.