चिकट

आज नोव्हेंबरातला तो गुरुवार.
कचेऱ्या तासभर उशिरा उघडणार,
इंग्रजी ऐकायच्या पेपराला
विमानंसुद्धा वरच्या वर थांबणार,
पोरांच्या कानात आवाज नको म्हणून.
गोजे बेटावरच्या आमच्या गोदीचा भोंगा
तेवढा वेळेवर झाला.

आज वीस पूर्ण झाली.
मला, आणि तेग्योंगलाही. आम्ही जुळी,
मी अकरा मिनिटांनी मोठी.
वाढदिवसाला आमच्यात समुद्रशेवाळाचं सूप करतात.
आईने केलं नाही.
शेवाळ बुळबुळीत, आज परीक्षा,
पोरगा घसरायचा.
(दोनदा घसरलाय, सूप न पिताच.)

त्याच्या खिशात तिने
तांदळाच्या पाकाची चिकट वडी कोंबली.
खाल्ली की विद्यापीठाला चिकटतात म्हणे.
शाळेच्या फाटकावरही आयांनी
वड्या चिकटवून ठेवल्यात, आणि समोर उभ्या आहेत
थंडीत, हात जोडून.

मी केव्हाच चिकटले.
तंत्रशाळेतून थेट इथे.
सुगीच्या सणाला मावशीने विचारलं,
"आणि थोरली कुठल्या विद्यापीठात?"
"कंपनीत आहे," आई म्हणाली,
आणि मावशीच्या ताटात घाईघाईने मासा वाढला,
पुढचा प्रश्न काट्यात अडकावा असा.
तेग्योंगच्या क्लासची फी कोण भरतं
हे तिथे कुणी काढलं नाही.
मीही नाही.

दोन पत्रे, मध्ये चार मिलिमीटर फट.
फटीत उजेड ओतत जायचं.
हात रेंगाळला की भोक,
घाई केली की वरवर जुळल्यासारखं दिसतं
आणि आत पोकळ.
रात्री बाई नो येतात क्ष-किरणांचं यंत्र घेऊन.
धरलं असेल तर खडूची एक रेघ.
नसेल तर सकाळी सगळं खरवडून पुन्हा.

एक वाजून पाच मिनिटांनी मी मुखवटा वर केला.
गिमहेकडे उतरणारं एकही विमान नाही.
एवढं रिकामं आभाळ मी कधी पाहिलं नव्हतं.
आत्ता तो ऐकत असेल.
मी टॉर्च विझवला, उगाच,
एवढ्या लांबून त्याला काय ऐकू जाणार.
"काय झालं?" फोरमन ओरडला.
"काही नाही," म्हटलं, आणि पुन्हा पेटवला.

रात्री आईने सूप केलंच. दोन वाडगे.
पेपराबद्दल कुणी बोललं नाही.
माझ्या मानेवरचा ठिणगीचा डाग बघत
तेग्योंगने विचारलं,
"सांधा धरला, हे कळतं कसं?"
"लगेच नाही कळत."
"जेवा," आई म्हणाली, "निवतंय."