डावीकडून चौथा

त्याला आम्ही नावाने ओळखत नाही.
डावीकडून चौथा, एवढंच.
मार्चमधल्या फोटोत त्याच्यासमोर झाकणाचा कप होता,
टाय किरमिजी, केस डांबरासारखे काळे.
(तिथे वरच्या खुर्चीतल्या माणसाचे केस पिकत नाहीत.
पिकलेले दिसले की समजायचं, खटला उभा राहिलाय.)

एकोणीस दिवस झाले, तो कुठल्याच फोटोत नव्हता.

रेडिंगमध्ये, किंग्ज रोडला, गालिच्यांच्या दुकानावर
तिसऱ्या मजल्यावर आमचं हे दप्तर,
चीनमधल्या थोरांची हजेरी घेणारं.
पहाटे चारला मी येते, हीटरला लाथ घालते,
आणि बीजिंगच्या बातमीपत्रात
कोण कोणाच्या आधी जिना चढलं ते मोजते.
टाळ्या किती सेकंद.
कोणाचं नाव तिसऱ्या ओळीतून पाचव्या ओळीत घसरलं.
पत्रिका बघणारे गुरुजी निदान दक्षिणा घेऊन मोकळे होतात,
आम्हाला टक्के द्यावे लागतात.

डंकन म्हणाला, रेगे, आकडा सांग.
सातला लंडनकडे पत्रक जायचं असतं,
तिथे कोणाचं तांबं, कोणाचं लिथियम
या चौथ्याच्या तब्येतीवर टांगलेलं.
कोणी म्हणे पोटाचं ऑपरेशन,
कोणी म्हणे चौकशी, मेहुण्याच्या नावावर तीन गोदामं,
कोणी म्हणे छे, बढती आहे, भाकरी फिरवतायत.
पाणी कुठेतरी मुरत होतं एवढं खरं,
कुठे, ते जमिनीलाच ठाऊक.
मी लिहिलं: गच्छंती शक्य, सत्तर टक्के.

सत्तर कुठून आले विचारू नका.
साठ म्हटलं तर भित्रं वाटतं, ऐंशी म्हटलं तर माज.

लौ युनशेंग माझ्या शेजारी बसतो. सदुसष्ट वर्षांचा,
शाओशिंगचा, डब्यात रोज खारवलेली मोहरीची पानं.
तो टक्के देत नाही.
एकदाच बोलला, खिडकीकडे बघत,
कालव्यावरच्या बदकांविषयी बोलावं तसं:
वडील शाळा तपासनीस होते. एका गुरुवारी घरी आले नाहीत.
कोणी काही सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.
फक्त शेजारच्या बाईनं दोरीवरचे आपले कपडे
आमच्या कपड्यांपासून हातभर लांब सरकवले.
"मी वाचलेलं पहिलं पत्रक ते," म्हणाला,
आणि डब्याचं झाकण लावलं.

तेविसाव्या दिवशी चौथा उगवला.
कुठल्याशा टेकडीवर वृक्षारोपण, हातात फावडं,
केस पुन्हा डांबर. ना खुलासा, ना खोकला.
नुसती माती पडत राहिली रोपाच्या बुडाशी, अकरा सेकंद.

डंकननं माझं जुनं पत्रक उघडलं,
'शक्य'च्या आधी एक 'अ' ठेवला. तारीख तीच.
ध चा मा करायला आता आनंदीबाई लागत नाही,
मशालीही नाहीत, मध्यरात्र नाही,
काका, काका म्हणत कोणी धावत नाही दालनांतून.
एक बोट लागतं, आणि वर कॉफी.

लौनं ते अकरा सेकंद चार वेळा लावले.
मला वाटलं, रांग बघतोय, कोण कुठे उभं आहे.
तो डावा हात बघत होता.
फावड्याच्या दांड्यावर बोट,
जिथे अंगठी असायची तिथे फिकट कडं,
मनगट बाहीत सैल, विहिरीत दोर हलावा तसं.
पडद्याशी वाकून त्याच्या भाषेत हळूच म्हणाला,
जेवलास का?

मी पत्रकावर सही न करता खाली आले.
थंडी होती. गालिचेवाला शटर वर सारत होता,
म्हणाला, काय मग, चीनची काय खबर?
सगळे जागेवर आहेत, मी म्हटलं.
हं, म्हणाला तो,
आणि दारातलाच एक जुना गालिचा उचलून
रस्त्याकडे तोंड करून झटकू लागला.