बर्फाच्या कारखान्यातली तबकडी

आंतोन रॉटरडॅमहून सुट्टीवर आला तेव्हा
त्याच्या पेटीत चार साबण, एक छत्री
आणि मामा कायतानसाठी एक तबकडी.
कव्हरावर वाजवणाऱ्यांची तोंडं नाहीत,
नुसता नारिंगी धूर.

सत्तर साल असेल, किंवा एकाहत्तर.
आमच्या वाडीत खांब उभे होते, तारा यायच्या होत्या.
म्हणून ती तबकडी गेली
वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात,
जिथे माझे वडील रात्रपाळीला
डिझेलच्या जनरेटरची समजूत काढत बसायचे.
प्लेअर डॉक्टर तिरोडकरांचा, उसना,
सुरमईच्या पालथ्या खोक्यावर ठेवलेला.

कायतान इस्त्रीचा शर्ट घालून आला,
मिसाला जातात तसा.
सतरा वर्षं मुंबईच्या हॉटेलांत
त्याने उभा बास वाजवला होता:
माणसाएवढं लाकूड, जाड चार तारा,
डाव्या हाताला घट्टे.
आम्हा पोरांना सांगायचा,
"वरसून कोण वाजयता ता सोड,
खालसून कोण उचलता ता आयक."

सुई टेकली.
खरखर. मग पियानो,
पण पाण्याखालून बोलणारा,
पेल्यावर चमचा मारावा
आणि तो नाद तेलात बुडवावा, असा.
लांब कुठेतरी ट्रंपेट,
दीपगृहाच्या कठड्यावरून कुणी होडीला हाक मारावी
आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा मारावी.
गाणं सुरू कधी झालं ते कळलंच नाही.
कायतान मान खाली घालून
लाकूड शोधत होता.

लाकूड नव्हतं.
तळाशी एक तार गुरगुरत होती,
लोखंडाची, विजेवर पोसलेली.
"वायर वाजयतत," तो म्हणाला, "वायर."
पाकीट काढलं, आत बघितलं, परत ठेवलं.

तेवढ्यात वडिलांनी दुसरा कॉम्प्रेसर सुरू केला.
जनरेटर धापला, दिवा पिवळा पडला,
आणि अख्खा बँड हळूहळू खाली बसला,
ट्रंपेट, पियानो, ती गुरगुर,
बर्फ भरताना ट्रॉलर बसतो तशी.
कारखानाही त्यांच्याबरोबर बसला, तेवढाच,
आणि सगळे मिळून पुन्हा वर आले.
आम्ही हसलो.
कायतान उठून हिम धरलेल्या नळीपाशी गेला,
तिच्यावर तळवा ठेवून उभा राहिला.
मग म्हणाला, "जी."
"काय हो?" वडील वळले, त्यांना वाटलं हाक मारली.
"तुमका नाय. ह्या माशीन. जी वाजयता.
खालची तार, दुसरा बोट."

पुढच्या शनिवारी बैलगाडीत गवत घालून
त्याने आपला बास आणला.
रेकॉर्ड लावली नाही.
कारखाना धरून ठेवायचा एकच सूर,
आणि कायतान त्याच्याभोवती फिरायचा,
कधी अर्धा सूर दूर जाऊन उभा राहायचा,
दात आंबेपर्यंत.
मी बारदानावर झोपलो, जागा झालो, तो वाजवतच होता.
पहाटे गाबतिणी बर्फाला आल्या.
एकीने दारातून विचारलं,
"माशीन बिघडला काय रे?"
कायतानने तिला बासवर बोट आपटून दाखवलं
आणि ती टोपली खाली ठेवून
थोडा वेळ थांबली.

तबकडी माझ्याकडे आहे. कडेला खारट डाग.
आता घरी वीज सरळ येते,
ती जागा जवळ आली की मी हातातलं काम सोडतो.
बँड खाली बसत नाही.
नीट, न चुकता, पुढे निघून जातो.