जबानी

नाव वेन्डेल प्रुइट. वय एकावन्न.
उजवा हात वर करून म्हटलं, खरं सांगेन.
टेबलावर पाण्याचा जग, टिश्यूचा डबा,
आणि एक बाई, माझा शब्द न् शब्द बोटांनी टिपणारी,
माझ्याकडे एकदाही न बघता.

घर नंबर सातशे चार, लेक वर्थ, फ्लोरिडा.
तीन खोल्या, नऊ खाटा, दोन न्हाण्या.
आठवड्याचे दोनशे दहा डॉलर, आगाऊ.
फ्रिजवर चिकटवलेले नियम:
अकराला दार बंद. भांडी ज्याची त्यानं घासायची.
नशा सापडली तर त्याच रात्री सामान बाहेर.
मी मॅनेजर. पगार नाही, भाडं माफ.
माझीही चारच वर्षं झालीत सुटून.

त्यांच्या वकिलानं विचारलं, हे घर आहे की केंद्र?
घर, मी म्हटलं. शिकवलं होतं तसं.
डॉक्टर नाही, उपचार नाहीत, नुसतं छप्पर.
मग लघवी कोण तपासायचं, मिस्टर प्रुइट?
मी.
गोळ्यांचा डबा कुणाच्या कुलपात?
माझ्या.
आणि नाकात मारायचा तो फवारा, नॅलोक्सोन?
ऑफिसात. कपाटात.
किल्ली?

मी पाणी प्यायलो.
बाईची बोटं थांबली.
गप्प राहिलेलं त्या यंत्रात उमटत नाही.

कलम चौदा मोठ्यानं वाचायला लावलं मला:
रहिवासी आपल्या जिवाला स्वतः जबाबदार राहील.
खाली टोबिन केस्लरची सही, वेलांटीसारखी वळलेली,
तिच्याखाली माझी, साक्षीदार म्हणून.
जबाबदार म्हणजे काय, ज्याच्यापाशी जबाब आहे तो?
मग तो मीच की.
बाकी सगळ्यांकडे नुसते प्रश्न आहेत.

सव्वीस वर्षांचा पोरगा.
दिवसा छपरांवर डांबर ओतायचा,
शनिवारी मागच्या ओट्यावर सगळ्यांचे केस कापायचा, फुकट.
माझ्या मानेवरचे शेवटचे त्यानंच कापलेले.
त्याला पुरलं तेव्हा ते धड वाढलेही नव्हते.

त्या रात्री एकला दहा कमी.
न्हाणीत दिवा, नळ चालू.
डांबर निघत नसेल, म्हटलं.
हे मी सांगितलं, हे त्यांनी लिहून घेतलं.

यापुढचं कुणी विचारलं नाही,
आणि आमच्या वकिलानं बजावलेलं,
विचारतील तेवढंच.

यापुढचं असं:
मला कळलं होतं.
चार वर्षांपूर्वी मीही असाच नळ सोडून बसायचो.
हात दारापर्यंत गेला माझा.
ठोठावलं असतं तर उघडावं लागलं असतं,
उघडलं असतं तर दिसलं असतं,
आणि दिसलं की नियम.
फेब्रुवारीत डॅरिलला मीच बाहेर काढलं होतं,
काळ्या पिशवीत त्याचे कपडे भरून, बस स्टॉपपर्यंत सोडून.
डॅरिलचं पुढं काय झालं
त्याची नोटीस अजून कुणी पाठवलेली नाही.

म्हणून हात मागे घेतला.
पोराची खाट राहावी म्हणून.
एकसष्ट दिवस झाले होते त्याचे,
सकाळी समजावू, म्हटलं, दोघंच, ओट्यावर.
याला कायद्यात काय म्हणतात मला माहीत नाही.
निष्काळजी म्हणत असतील.
काळजी होती, एवढंच खोटं नाही.

पाचला सगळं संपलं. जग अर्धा उरला.
लिफ्टपाशी त्याची आई उभी,
लोर्ना, रात्रभर गाडी चालवून आलेली,
पायांत दोन वेगवेगळे मोजे.
मला वाटलं, थोबाडीत मारेल.
तिनं विचारलं,
पाणी गरम होतं का?

हो, मी म्हटलं. शेवटपर्यंत.

त्या घराची टाकी वीस मिनिटांत गार पडते.
तिथं हात वर करायला
कुणी सांगितलं नव्हतं मला.