सात नंबर

एक लाख चाळीस हजार.
दुकानातल्या मुलानं आकडा असा सांगितला
जसा डॉक्टर ताप सांगतो, सौम्यपणे, वर न बघता.
कल्याणीनगरच्या त्या काचेमागे
ड्रायव्हर, दोन वूड, आठ आयर्न, एक पटर.
ड्रायव्हरच्या डोक्यावर लोकरी टोपी,
डिसेंबरात सकाळच्या शाळेला निघालेल्या पोरासारखी.

मी निवृत्त टूलरूमवाला. पिंपरीत सदतीस वर्षं.
मला हत्याराची भाषा कळते.
टायटॅनियम म्हटलं की कान टवकारतात,
शाफ्टची लवचीकता मी बोटानं मोजतो,
आणि माझा चेंडू उजवीकडे जातो
हा दोष, कागदावर सिद्ध करून दाखवीन,
लॉफ्टच्या दीड अंशाचा आहे.

घरी सुनीती भेंडी चिरत होती.
सगळं ऐकून घेतलं तिनं, दीड अंशासकट.
मग एवढंच म्हणाली, "अंगण."
आणि सुरी धुवायला गेली.
बत्तीस वर्षांच्या संसारात
निम्मीसुद्धा लागत नाही म्हण.

येरवड्याच्या रेंजवर लहू ससाणे शिकवतो.
तासाचे आठशे.
अकराव्या वर्षापासून दुसऱ्यांच्या बॅगा वाहिलेला खांदा
अजून जरा डावीकडे कललेला.
पण स्विंग असा, की कुणी दार लोटावं
कडी न वाजवता.

भागाकार मी रिक्षातच केला:
एक सेट म्हणजे एकशे पंच्याहत्तर तास.
आठवड्याला एक धरला तर तीन वर्षं, चार महिने.
तोवर मी चौसष्ट. गुडघ्यांचं वय वेगळं.
आणि शिकवणीनं हातात काय येतं?
सेट निदान दिसतो. दिवाणखान्यात उभा राहतो.
साडूला दाखवता येतो.

लहूनं माझा पहिला फटका पाहिला, दुसरा पाहिला,
तिसऱ्याला तो चहा सांगायला गेला.
परत येऊन म्हणाला, "सर, आज बॉल नको."
हातात माझीच सात नंबर,
जुन्या बाजारातून आणलेली, रबर झिजलेली.
"नुसती धरा."
पाऊण तास मी काठी धरली.
सहाशे रुपये, नुसतं धरण्याचे.

तेव्हा समोर उभा राहिला उस्मानभाईंचा व्हाइस.
मी अठराचा. पुढ्यात लोखंडाचा ठोकळा.
सहा महिने फक्त फाईल.
घास, गुण्या लाव, फटीतून उजेड दिसतो,
पुन्हा घास.
म्हणालो होतो, फाईल बोथट आहे, नवी द्या.
त्यांनी तीच माझ्या हातून घेतली,
दहा-बारा वेळा ओढली, गुण्या लावला.
उजेड नाही.
फाईल परत दिली. बोलले काही नाहीत.

पुढे ही गोष्ट मी प्रत्येक नव्या पोराला सांगितली,
वर्षाला चार-पाच पोरं तरी.
सांगताना मी स्वतः ऐकत नसणार.

तिसऱ्या आठवड्यात एक चेंडू लागला.
टिचकीला मडकं पक्कं वाजावं तसा आवाज.
हातांना काहीच जाणवलं नाही,
आणि हेच पहिल्यांदा जाणवलं.
सरळ गेला. दीडशेच्या पाटीवरून.
गवतातून दोन टिटव्या ओरडत उठल्या.
लहू म्हणाला, "हां."
पुढचे अकरा झुडपात.

परतताना रिक्षा मीच वळवायला लावली.
मुलगा ओळखून हसला, टोपी काढली, ड्रायव्हर काढला,
कसा धरतात ते मला दाखवू लागला.
"अंगठा जरा आत घे," मी म्हणालो,
"आणि आवळू नकोस. पळून जात नाही तो."
त्यानं घेतला आत. आपल्याच हाताकडे बघत राहिला.
"सर, तुम्ही शिकवता?"
काचेबाहेर सिग्नल दोनदा बदलला.
मग मी विचारलं,
किंमत तीच आहे का अजून.