पाय, माय

कागदावर पेंचान स्रीथोंग. पुनवेचा चंद्र, असा काहीसा अर्थ.
घरात कुंग, म्हणजे कोळंबी.
जन्मली तेव्हा एवढीशी होती
आणि तशीच वाकडी होऊन झोपायची.
कालासिनच्या बस थांब्यावर आई
कच्च्या पपईची कोशिंबीर कुटते,
पोक् पोक्, पोक् पोक्,
गिऱ्हाइकाला विचारते एवढंच: मिरच्या किती?

शाळेत कुंग सॉफ्टबॉल खेळायची.
मग बँकॉकहून एक बाई आल्या, चपटी बॅट घेऊन.
पहिलाच चेंडू कुंगनं ऊसापर्यंत धाडला,
सवयीनं बॅट फेकली
आणि उजवीकडे पळत सुटली,
जिथे पहिला तळ असायला हवा होता.
तिथे एक म्हैस होती.
बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, इथे सरळ पळायचं,
आणि हातातलं सोडायचं नाही.

तिच्या भाषेत 'पाय' म्हणजे पळ, नीघ.
'माय' म्हणजे नको.
धाव घ्यावी की घेऊ नये, ते या दोनच शब्दांत.
मी ऐकते ते माझ्या मराठी कानांनी,
आणि मला वाटत राहतं, भर उन्हात
दोन पोरी बावीस यार्डांवरून
पाय, माय, माय, पाय
असं कुणाला तरी बोलावतायत.

डंडीत जूनमध्ये तीन स्वेटर,
बोटं बधिर, झेल सुटला, तो अजून सुटतोच आहे.
काठमांडूत फलकावर नाव मावेना,
आधी 'पेंचा' झालं, मग नुसतं 'पेन'.
दोह्यात रात्रीचं दव,
चेंडू साबणाच्या वडीसारखा.
एकसष्ट सामने. सर्वाधिक अठ्ठेचाळीस.
पन्नास कधीच नाही.
सामना संपला की सगळ्या ओळीत उभ्या,
तळवे जुळलेले, कमरेतून वाकलेल्या:
समोरच्यांना, पंचांना, रिकाम्या खुर्च्यांना.
हरलेल्या दिवशी सोपं जायचं,
मान आधीच खाली असायची.

रात्री फोन.
जेवलीस का?
हो.
भात होता?
होता, पण मोकळा. आपल्यासारखा चिकट नाही.
आज किती?
एकोणीस.
एकोणीस काय?
हे तिला बारा वर्षांत नीट सांगता आलं नाही.
आई म्हणायची, बरं, एकोणीस तर एकोणीस,
आणि मागे मुसळ पुन्हा सुरू.

अबू धाबी. पात्रता फेरी.
नऊ चेंडू, तेरा धावा.
समोर वासिता, सतरा वर्षांची, हेल्मेट जरा मोठंच.
कुंपणापलीकडे कुठल्याशा थाई खानावळीतले आचारी
कढया बडवत होते.
चेंडू कव्हरकडे गेला.
वासिता ओरडली,
कुंग निघाली,
वासिता निघाली नाही.
परत वळताना बॅट लांबवली तिनं, हात लांबवला,
बेल्स उडाल्या तेव्हा
चुन्याची रेघ वीतभर पुढे होती.

रात्री वासिता दारात आली, डोळे सुजलेले.
मी 'माय' म्हणाले होते, ताई.
कुंग गुडघ्यावर बर्फ धरून बसली होती.
म्हणाली, माहीत आहे.
मला 'पाय'च ऐकायचं होतं.
मग दोघींनी पाकिटातल्या शेवया खाल्ल्या,
किटलीतल्या पाण्यात भिजवून,
अर्ध्या कच्च्या.

आता ती बॅट कालासिनला आहे.
मुठीची पकड सुटलीय, कड चिरलीय.
बस थांब्यावरच्या दुकानाची ताडपत्री
एका बाजूनं तिच्यावर टेकलेली.
परगावचा कुणी विचारतो,
मावशी, हे वल्हं कसलं?
आई पपई किसत राहते.
पोरीचं आहे, म्हणते.
काढू नका, छप्पर येईल अंगावर.
मिरच्या किती?

आणि थांब्यामागच्या शाळेत,
कापून नेलेल्या ऊसाच्या धसांमध्ये,
उन्हं उतरल्यावर कुणीतरी घसा ताणून ओरडतं.
एवढ्या लांबून कळत नाही
पळ म्हणतंय की नको.