चार कुंड्यांतली घाणेरी

आरेच्या सावलीत तिचं पान तळहाताएवढं,
मऊ, जरासं आळशी.
गोराईच्या खारट बांधावर जाड, चामड्यासारखं.
पवईला पाइपलाइनलगत ती चक्क वेल होते,
कुंपण चढून पलीकडे डोकावते.
माहुलला, रिफायनरीच्या भिंतीशी,
पानं नखाएवढी
आणि फुलं मात्र भसाभस,
उद्याचा भरवसा नसल्यागत.

चारही फांद्या आणून लावल्या कॉलेजच्या गच्चीवर.
एकच माती, एकच ऊन, मगानं मोजून पाणी.
दर शनिवारी मी पट्टी घेऊन उकिडवी.
वॉचमन तिर्लोटकर म्हणाले,
"मॅडम, ही उपटायची असते ना?"

वर्षभरात तिघी सारख्या दिसू लागल्या.
आरेवालीनं पान आवरलं,
गोराईवाली सैलावली,
वेलीनं चढणं सोडलं.
माहुलवालीचं अजून तेवढंच,
नखाएवढं.

वहीत 'कारण' असा रकाना आहे.
कोराच ठेवलाय.

शालनमावशी माहुलहून दहिसरला आली
त्याला सहा वर्षं झाली.
परवा गेले होते.
समोर डोंगर, वारा छान.
खिडक्या बंद,
आणि फटींत
ओल्या फडक्याच्या घड्या.